चाळीतला कांदा सडतोय हे कळलं, पण शेतकऱ्याने त्याचं करायचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकमध्ये तुमची चार जणांची कंपनी आहे आणि तुम्ही तिचे प्रॉडक्ट मॅनेजर. कांद्याच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, बसवायचं एक यंत्र तुम्ही तयार केलंय. ते तापमान, आर्द्रता आणि कांदा सडताना सुटणारा वायू मोजतं आणि धोका दिसला की ॲपवर इशारा पाठवतं. गेल्या हंगामात ४० शेतकऱ्यांकडे ते फुकट बसवलं. पहिल्या महिन्यात सगळे ॲप उघडत होते, ऑगस्टपर्यंत त्यातले सहा-सात उरले. आता गुंतवणूकदार म्हणतात एआय घाला, शेतकरी म्हणतात बाजारभाव दाखवा, तुमचा इंजिनिअर म्हणतो बॅटरी सुधारू. यातलं आधी काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगेन, यातलं काहीच आधी करू नका. २२ वर्षं मी हेच काम करतोय. त्यातली पहिली दहा दूध संकलन केंद्रांच्या यंत्रांवर आणि सॉफ्टवेअरवर गेली, नंतरची शेतमालाच्या साठवणुकीवर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलैतली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. चांदवड तालुक्यातला एक शेतकरी, चाळीत २५ टन उन्हाळ, म्हणजे उन्हाळ्यात काढलेला, कांदा. साडेदहाला फोन वाजतो: आर्द्रता ८४ टक्के, धोका. बाहेर दोन दिवस झड लागलेली आहे. तो काय करेल? चाळ उघडून कांदा पसरायचा, तर पसरायला कोरडी जागा नाही. उद्या निवडून बाजारात न्यायचा, तर त्या पावसात मजूर येणार नाहीत आणि आले तरी ओल्या मालाला भाव मिळणार नाही. तो फोन पालथा घालून झोपतो. चौथ्या रात्री ॲपचा आवाज बंद करतो आणि ऑगस्टमध्ये ॲपच काढून टाकतो. त्याचं काही चुकलेलं नाही. तुम्ही त्याच्या काळजीत भर घातलीत, पण हातात काही दिलं नाहीत.

त्यात इशाऱ्याची मर्यादाही तुम्ही पुस्तकातून उचललेली दिसते. साध्या हवेशीर साठवणुकीला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली, हे बरोबरच आहे. पण पावसाळ्यात बाहेरचीच हवा दिवसेंदिवस त्याच्या वर असते. म्हणजे तुमचं यंत्र जुलैत तालुक्यातल्या प्रत्येक चाळीत रोज ओरडणार. सगळ्यांना सारखाच मिळणारा इशारा म्हणजे पाऊस पडतोय ही बातमी. शेतकऱ्याला उपयोगी पडेल तो फरक: बाहेरच्यापेक्षा आत किती जास्त, आणि आतल्या आत कोणत्या कप्प्यात जास्त. ही दुरुस्ती तुम्ही आठवड्याभरात करू शकाल, पण ती मूळ दुखणं नाही.

मूळ दुखणं हे की शेतकऱ्याचा निर्णय कोणता, हे तुम्ही अजून नक्की केलेलं नाही. मार्च ते मे मध्ये कांदा चाळीत गेला की पुढचे चार-सहा महिने त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो. काढू की ठेवू? आणि काढायचा तर कोणता कप्पा आधी फोडू? सगळी घट, सड, कोंब, भाव शेवटी या प्रश्नात येऊन मिळतात. शेतकरी तुमच्याकडे बाजारभाव मागतायत तेही याचमुळे. भाव त्यांना दहा ठिकाणी मिळतो. त्यांना हवं आहे ते असं: "डावीकडचा कप्पा पंधरा दिवसांत काढा, उजवीकडचा गणपतीपर्यंत थांबेल." तुमच्या यंत्राला हे वाक्य बोलता येतं का, हे तपासायचं हेच तुमचं पुढच्या वर्षाचं काम. बाकी सगळं त्याच्यामागून.

हे मला कुठून सुचतंय ते सांगतो. २००६ च्या आसपास शिरोळ तालुक्यातल्या एका दूध संस्थेत आम्ही संगणक बसवला होता. पहाटे पावणेसहाची वेळ, खिडकीबाहेर ५०-६० जणांची रांग, किटल्यांचा आवाज. सचिव नमुना यंत्रात घालणार, दुधाचा भाव जिच्यावर ठरतो ती फॅट येणार, नाव टाकून नोंद करणार. आम्ही पडद्यावर सुंदर सोय केली होती: नावाची पहिली तीन अक्षरं टाका, यादी येते, निवडा. सचिवाचे हात दुधाने ओले आणि एकाच आडनावाची माणसं पंचवीस. पहिल्या दिवशी रांग अर्धा तास लांबली. दुसऱ्या दिवशी गेलो तर संगणकावर पंचा टाकलेला आणि सचिव वहीत लिहीत होता. प्रत्येक सभासदाला कोड नंबर असतो आणि सचिवाला तो तोंडपाठ असतो, हे आम्हाला पुण्यात बसून माहीत नव्हतं. मग फक्त आकड्यांची कळपट्टी लावली आणि गाडी चालू झाली.

पण खरा धडा त्यानंतरचा. सचिव खूश होता, तरी शेजारच्या गावांतून मागणी येईना. मी चार दिवस खिडकीच्या आत उभं राहायचं सोडून बाहेर, रांगेत उभा राहिलो. तिथे प्रत्येक जण एकच गोष्ट करत होता. मान वाकडी करून आत बघायची आणि विचारायचं, "किती लागली?" सचिव सांगेल तो आकडा. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा रोज सकाळ-संध्याकाळचा सल. आम्ही शंभर रुपयांच्या आत एक लाल आकड्यांची पाटी यंत्राला जोडली आणि तिचं तोंड बाहेर केलं. यंत्रात आलेली फॅट त्याच क्षणी रांगेतल्या माणसाला दिसायला लागली. महिन्याभरात शेजारच्या तीन गावांतल्या सभासदांनी आपापल्या संस्थेत जाऊन "आपल्याकडे पाटी का नाही" असं भांडायला सुरुवात केली. सॉफ्टवेअर वापरणारा सचिव होता, पण शंका खिडकीबाहेरच्या बाईची होती आणि माल त्या शंकेनेच विकला. दहा महिने आम्ही अकरा प्रकारचे तक्ते बनवण्यात घालवले होते. ते कोणी उघडलेही नाहीत.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला सल्ला: निवडणीच्या, म्हणजे सडका कांदा वेगळा काढण्याच्या, दिवशी चाळीत जाऊन बसा. फील्डवरच्या मुलाला पाठवून त्याच्याकडून फॉर्म भरून घेऊ नका, स्वतः जा. आणि मालकाशेजारी खुर्ची टाकून बसू नका, निवडणाऱ्या बायकांच्या ओळीत बसा. मी दोन वर्षांपूर्वी येवल्याजवळ असा दीड दिवस बसलो. एक मावशी कांदा न बघता नुसता हाताने उचलत होत्या. मानेशी अंगठा दाबायचा, मऊ लागला की मागे टाकायचा. मी विचारलं, सड कुठून सुरू झाली असेल? त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "त्या खांबापाशी, खालून दुसऱ्या थरात. भरताना तिथं ओला माल पडला होता, मीच सांगितलं होतं." मालकाला हे माहीत नव्हतं. महिनाभर लावलेल्या आमच्या सेन्सरलाही नाही, कारण तो समोरच्या बाजूला टांगलेला होता.

या एका वाक्यात दोन प्रॉडक्ट दडलेली आहेत. सेन्सर कुठे ठेवायचा, हे एक. दुसरं अधिक मोठं आहे. कांदा किती टिकणार याचा बराचसा निकाल तो चाळीत जाण्याआधीच लागलेला असतो. वाण कोणतं, नत्र किती दिलं, काढणीआधी पाणी कधी तोडलं, पातीसकट शेतात किती सुकवला, मान किती ठेवून कापली, जोड (जुळे कांदे) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) बाजूला काढले का. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने हे सगळं वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे. चाळ भरताना प्रत्येक कप्प्यासाठी हे सहा प्रश्न विचारून लिहून ठेवले, तर कोणता कप्पा आधी फोडायचा याचा अंदाज कदाचित सेन्सरशिवायही बांधता येईल. ऐकायला तुम्हाला हे कडू वाटेल, कारण सेन्सरवर तुम्ही दीड वर्ष घातलंय. पण तपासायला खर्च काही नाही: एक वही आणि चाळ भरण्याचे चार दिवस.

नवं काय बनवायचं आणि काय नाही, यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण 'इनोव्हेशन' म्हटलं की आपली मुलं सगळंच नवं बनवायला निघतात. तुमच्या यंत्रातलं सर्किट बोर्ड स्वतःचं, ॲप स्वतःचं, सर्व्हर स्वतःचा, आता एआयही स्वतःचं. चार माणसांत चार नव्या गोष्टी. एक बिघडली की नेमकी कोणती बिघडली हे शोधायलाच पंधरवडा जातो.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. २००५ साली टाटा मोटर्सने 'एस' (Ace) नावाची गाडी आणली, आपण जिला छोटा हत्ती म्हणतो. तीनचाकी टेम्पोपेक्षा भक्कम आणि ट्रकपेक्षा लहान अशी मालवाहू गाडी तोवर बाजारात जवळपास नव्हतीच. पण तिचं इंजिन पाहा. त्यांच्याच इंडिका कारचं १४०५ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, त्याचं अर्धं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी. नवेपणा सगळा गाडीच्या कल्पनेत खर्च केला आणि इंजिनाच्या बाबतीत ओळखीच्या वाटेने गेले. नवं एकाच ठिकाणी आणि जिथे गिऱ्हाइकाला जाणवेल तिथे.

त्या गाडीमागचं ऐकणंही शिकण्यासारखं आहे. गिरीश वाघ यांच्या टीमने तीनचाकी चालवणाऱ्यांशी भरपूर गप्पा मारल्या होत्या. त्यांतली एक गोष्ट नंतर बऱ्याचदा सांगितली गेली. एकाने म्हटलं होतं की चार चाकांची गाडी असली तर गावात लग्न जमवताना वजन पडतं. किंमत, मायलेज, किती माल बसतो हे सगळे प्रश्न होतेच, पण माणसाला हवी होती ती पायरी चढल्याची जाणीव. त्याच वाघांनी पुढे नॅनोच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं. २००८ च्या जानेवारीत दिल्लीत ती जगासमोर आली तेव्हा एक लाखात गाडी हे अभियांत्रिकीचं खरोखरच मोठं काम होतं. पण तिच्यावर 'सगळ्यात स्वस्त' हा शिक्का बसला. तो शिक्का चुकला, असं रतन टाटांनी स्वतः पुढे कबूल केलं. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. नॅनोच्या अडचणी इतरही होत्या, पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना हलवावा लागला ही त्यातली मोठी. तरी मला या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहण्यासारख्या वाटतात. घर तेच, नेतृत्व करणारा अभियंता तोच, आणि एका गाडीने मालकाची पत वाढवली तर दुसरी दारात लावताना त्याला संकोच वाटला. तुमचं यंत्र चाळीला लावल्यावर शेजारी काय म्हणतो, हे म्हणूनच विचारून बघा. 'माझा कांदा नोंदीतला आहे' असं व्यापाऱ्याला सांगता येणं शेतकऱ्याला आवडेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, तपासायला हवा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर: स्वतःचं बोर्ड थांबवा, बाजारात मिळणारं तयार वापरा. ॲप बंद करा. आठवड्यातून एकदा, निर्णयाच्या दिवसांत दोनदा, मराठीतून फोन करा. त्यासाठी आधी यंत्रणासुद्धा लावू नका, तुमच्यातल्याच एकाने करावा. तीस शेतकरी धरले तरी आठवड्याला तीस फोन, म्हणजे एका माणसाचा एक दिवस. फोनवर शेतकरी उलटा काय विचारतो त्यातून जे कळेल, ते ॲपच्या आकडेवारीतून कधी कळणार नाही. सांगण्यासारखं काही उरलंच नाही असा आठवडा आला, तर ती फार महत्त्वाची माहिती समजा.

आता एआय. गुंतवणूकदारांना सरळ सांगा की शिकवायला उत्तरं लागतात आणि तुमच्याकडे उत्तरं नाहीत. ४० चाळींचं दर दहा मिनिटांचं तापमान तुम्ही साठवलंय, म्हणजे आकडे लाखोंनी आहेत. पण कोणत्या कप्प्यात किती किलो सडला, किती वजन घटलं, किती कोंबांनी गेला, हे कोणी तोललं का? नाही. मग त्या लाखो आकड्यांवरून यंत्र शिकणार काय? पुढच्या हंगामात प्रत्येक निवडणीला काटा लावा. चांगला, गोल्टी (बारीक कांदा), सडका, कोंब आलेला असे ढीग वेगळे तोला आणि कप्प्यागणिक लिहा. काम कंटाळवाणं आहे आणि गुंतवणूकदारांसमोरच्या सादरीकरणात ते चमकणार नाही. पण दोन हंगाम असे तोललेत तर तुमच्याकडे जे असेल ते नंतर येणाऱ्या मोठ्या कंपनीला पैसे टाकूनही लगेच मिळणार नाही. शेतमालात हंगाम विकत घेता येत नाही.

हाच मुद्दा वेळेलाही लागू आहे. सॉफ्टवेअरमध्ये दर पंधरा दिवसांनी नवं काही सोडून शिकता येतं. उन्हाळ कांदा वर्षातून एकदा चाळीत जातो. जून-जुलैची सड एकदाच बघायला मिळते, सप्टेंबरनंतरचे कोंब एकदाच. एक हंगाम म्हणजे तुमच्या शिकण्याचा एक फेरा. तो गेला की वर्ष गेलं. त्यामुळे पंधरवड्याच्या कामाच्या याद्या कितीही नीट ठेवल्या तरी मार्चपर्यंत प्रश्न ठरलेला नसेल तर उपयोग नाही. माझी पद्धत अशी: हंगामाआधी एका पानावर तीनच शंका लिहायच्या, सगळ्यात महाग शंका वर. तिच्यापुढे, काय दिसलं तर आपण दिशा बदलू, हेही आधीच लिहायचं आणि टीमच्या सह्या घ्यायच्या. निकाल आल्यावर लिहायला बसलं की माणूस नकळत आपल्याला हवं तेच वाचतो. माझ्याकडून हे दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी त्यात एक अख्खा हंगाम आणि दोन चांगली माणसं गेली.

पैशाचं बोलू. फुकट वापरणारे ४० शेतकरी म्हणजे ४० गिऱ्हाइकं नव्हेत. आपल्याकडे दारात आलेल्या मुलाला कोणी नाही म्हणत नाही. चहा देतात, यंत्र लावून घेतात, "चांगलंय" म्हणतात. गोदरेजच्या छोटूकूलची गोष्ट यासाठी लक्षात ठेवा. कॉम्प्रेसर नसलेला, १२ व्होल्टवर चालणारा, वरून उघडणारा हा छोटा शीतपेटारा गावातल्या बायकांशी बोलून, त्यांचं मत घेऊन घडवला होता. तेव्हा किंमत होती सव्वातीन हजारांच्या आसपास. एवढं करूनही ज्या घरांसाठी तो बनवला तिथे अपेक्षेइतका गेला नाही आणि पुढे त्याला शहरी गिऱ्हाईक शोधावं लागलं. मला त्याचं कारण असं वाटतं: आवडणं आणि कनवटीचे पैसे काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तेवढे पैसे साठवणाऱ्या घराला आणखी थोडं थांबून 'खरा' फ्रिज घ्यावासा वाटतो.

तुमचा हिशोब मी असा करून पाहिला. १० टनांची चाळ म्हणजे १०० क्विंटल. तुमच्या सल्ल्याने त्यातले ५ क्विंटल सडण्यापासून वाचले आणि भाव क्विंटलला १५०० रुपये असला तर शेतकऱ्याचे साडेसात हजार वाचले. भाव ८०० असला तर चार हजार. तुमच्या यंत्राची किंमत बारा हजार. म्हणजे लहान शेतकऱ्याला सगळं नीट झालं तरी दोन-तीन वर्षं थांबावं लागेल, आणि कांद्यात कोणी तीन वर्षांचा हिशोब मांडत नाही. २५ टनांच्या चाळीत गणित बरं दिसतं. पण पाच-दहा चाळी एकत्र बघणारी शेतकरी उत्पादक कंपनी (शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली) असेल, किंवा स्वतः साठा करणारा व्यापारी असेल, तर 'कोणती चाळ आधी फोडू' हा प्रश्न त्यांना दर आठवड्याला पडतो आणि चुकलं तर नुकसान लाखात जातं. माझ्या मते तुमचं पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक तिथे आहे. तुम्हाला लहान शेतकऱ्यासाठी काम करायचंय हे तुमच्या पत्रातून जाणवलं आणि ते मला मनापासून आवडलं. त्याच्यापर्यंत जायची वाट मात्र मला त्याच्या उत्पादक कंपनीतून जाताना दिसते, थेट त्याच्या खिशातून नाही.

यंत्र विकूही नका. हंगामाची फी घ्या आणि त्यातली थोडी का होईना, चाळ भरण्याआधी आगाऊ घ्या. पाचशे रुपये आगाऊ देणारे आठ जण मला ४० फुकट्यांपेक्षा जास्त शिकवतील. ते फोन उचलतात, चुकलं तर भांडतात, आणि भांडतात म्हणजे त्यांना फरक पडतोय.

आत्ता दिवाळी झाली आहे, तुमच्याकडे चार महिने आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेल्या वर्षीच्या ४० जणांकडे जा. विशेषतः ज्यांनी ॲप काढून टाकलं त्यांच्याकडे, आणि एकच गोष्ट विचारा: गेल्या हंगामात तुम्ही कांदा कोणत्या दिवशी काढायचा ठरवला आणि का? जानेवारीत दोन उत्पादक कंपन्यांशी आगाऊ फीचं बोलणं करा. दोन्ही नाही म्हणाल्या तर मला कळवा, तेव्हा आपण वेगळं बोलू. फेब्रुवारीत तयार बोर्डावर यंत्र उभं करा. मार्चपासून बारा चाळी, जास्त नकोत. सहा चाळींत सेन्सर आणि वही, सहा चाळींत फक्त वही. बाराही चाळींच्या मालकांना दर आठवड्याला फोन करा. जूनच्या शेवटी पहिली निवडणी लागेल. त्या दिवशी पहाटे काटा गाडीत टाकून तुम्ही स्वतः तिथे हजर असा, आणि बसायची जागा मी सांगितली तीच.